सकळ लिपी, गिट आणि आजीचा ढावलो

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला. दोनच दिवसांनी, ५ ऑक्टोबरला, आमच्या पोहरादेवीत पंतप्रधानांच्या हस्ते बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. नगाऱ्याच्या आकाराची ती मोठी इमारत तुम्ही रीलमध्ये पाहिली असेल. त्या आठवड्यात माझा फोन दोन प्रकारच्या फॉरवर्डनी भरला होता. पुण्यातल्या ऑफिसच्या ग्रुपवर लीळाचरित्र, रिद्धपूर, म्हाइंभट. तांड्याच्या ग्रुपवर नंगारा, सेवालाल महाराजांची समाधी, हेलिकॉप्टर. मी दोन्ही ग्रुपवर अंगठे देत होतो, पण डोक्यात भलतंच चाललं होतं. आमच्या एका गिट रिपॉझिटरीला कुलूप घालायचं की नाही, आणि घातलं तर किल्ली कोणाकडं ठेवायची.

आधी रिपॉझिटरीबद्दल सांगतो. मी, माझी चुलत बहीण आणि तिच्या कॉलेजातली तीन पोरं अशा पाच जणांनी मानोरा आणि दिग्रस तालुक्यातल्या तांड्यांमधून गोरबोलीतले शब्द, गाणी, गोष्टी गोळा करायला सुरुवात केली. गोरबोलीला स्वतःची लिपी नाही. २०११ च्या जनगणनेत बत्तीस लाखांहून जास्त लोकांनी आपली मातृभाषा लमाणी किंवा लंबाडी अशी सांगितली, आणि सरकारी तक्त्यात ते सगळे ‘हिंदी’ या रकान्याखाली गेले. वाशीममधल्या तांड्यावरची म्हातारी, जिला हिंदी सिनेमाही नीट समजत नाही, ती कागदोपत्री हिंदीभाषक. हे कुठंतरी खुपत होतं, म्हणून हा उद्योग.

ऐकलेलं देवनागरीत उतरवायचं आणि गिटमध्ये ठेवायचं, असं ठरलं. ज्यांचा कोडिंगशी संबंध नाही त्यांच्यासाठी: गिट म्हणजे फायलींचा इतिहास सांभाळणारी व्यवस्था. लिनस टोरवाल्ड्सनं ती २००५ च्या एप्रिलमध्ये लिहिली. तुम्ही फाइल बदलली आणि ‘कमिट’ केलं, की जुनी आवृत्ती पुसली जात नाही. ती आत राहते, कोणी कधी बदललं या नोंदीसकट. शिवाय ज्याच्या ज्याच्याकडं रिपॉझिटरीची प्रत आहे, त्याच्याकडं हा सगळा इतिहासही असतो. एकाच गाण्याचे पाच तांड्यांवर पाच पाठ मिळाले तर ते शेजारी शेजारी ठेवायला यापेक्षा सोयीचं काही नव्हतं.

अडचण ढावलोची निघाली.

ढावलो म्हणजे नवरी सासरी निघताना गळ्यात पडून रडत रडत गाते ते गाणं. त्याचे ठरलेले शब्द थोडे, बाकी सगळं तिथल्या तिथं सुचलेलं. बापानं हुंड्यासाठी कोणाकडून कर्ज काढलं, काकानं काय बोल लावला, कोणत्या भावानं पाठ फिरवली, हे सगळं नावानिशी येतं. माझ्या आजीनं तिच्या लग्नातला ढावलो म्हणून दाखवला तेव्हा त्यात एका सावकाराचं नाव होतं. त्याचे नातू आज त्याच गावात दुकान चालवतात. आजी गाऊन मोकळी झाली. आम्ही पाचही जण एकमेकांकडं बघत बसलो.

आमच्या घरात ‘नाव लिहून घेतात’ हे वाक्य चांगल्या अर्थानं कधी वापरलं गेलं नाही. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला, पुढं तो वाढत गेला आणि देशभरातल्या अनेक जमाती त्याच्या नोंदवह्यांत गेल्या. बंजाऱ्यांचे अनेक गटही त्यात होते. नाव नोंदवा, हजेरी द्या, गाव सोडायचं तर परवानगी घ्या. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्यातून सुटका झाली. जातीच्या दाखल्यावर आजही ‘विमुक्त जाती’ असं लिहिलेलं असतं, ते त्या सुटकेमुळं. तेव्हा आमच्या लोकांची नावं, नाती आणि भांडणं असलेली वही इंटरनेटवर उघडी टाकायची, हे मला पटेना.

त्यात मी एकदा दुधानं तोंड भाजून घेतलेलं होतं. पहिल्या नोकरीत माझ्या हातून एका कॉन्फिग फाइलमध्ये डेटाबेसचा पासवर्ड तसाच कमिट झाला. दहा मिनिटांत लक्षात आलं. पुढच्या कमिटमध्ये ती ओळ काढली, हुश्श केलं आणि चहा प्यायला गेलो. परत आलो तर सीनियर माझ्या खुर्चीवर बसलेला. त्यानं फक्त एक कमांड चालवून दाखवली. जुन्या आवृत्तीत पासवर्ड जसाच्या तसा. काढलेली ओळसुद्धा गिट जपून ठेवतं. त्याचं कामच ते आहे. उघड्या रिपॉझिटरींमध्ये असे पासवर्ड शोधत फिरणारे बॉट असतात, हेही मला त्या दिवशी कळलं. पासवर्ड बदलता येतो. ढावलोमधलं नाव कसं बदलणार?

म्हणून मी गिट-क्रिप्ट लावायचं ठरवलं. कल्पना सोपी आहे. कुठल्या फायली गुप्त ठेवायच्या याची यादी द्यायची. त्या फायली रिपॉझिटरीत जाताना आपोआप एईएस-२५६ नं एन्क्रिप्ट होतात आणि ज्याच्याकडं किल्ली आहे त्याच्या मशीनवर येताना आपोआप उलगडतात. किल्ली नसणाऱ्याला फाइल दिसते, पण आत नुसता कचरा. त्यात एक गमतीची गोष्ट आहे. एरवी चांगल्या एन्क्रिप्शनमध्ये तोच मजकूर दोनदा कुलूपबंद केला तर दोन वेगळे निकाल यायला हवेत. इथं मुद्दाम तसं होत नाही. मजकूर तोच, तर निकालही तोच. नाहीतर काहीही न बदलता गिटला रोज वाटेल की फाइल बदलली. म्हणजे बाहेरच्याला मजकूर कळत नाही, पण दोन फायली एकसारख्या आहेत एवढं कळू शकतं. इतिहास सांभाळायचा आणि लपवायचाही, तर अशी थोडी तडजोड करावी लागते.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा आजीला हे सगळं सांगितलं. अर्थात एईएस वगैरे नाही. पेटीला कुलूप लावतोय, एवढंच. ती गोरबोलीत म्हणाली, मी मराठीत सांगतो: “किल्ली कोणाकडं?”

“माझ्याकडं.”

“आन् तू मेलास तर?”

आमच्याकडं म्हाताऱ्या माणसांना असं बोलायला काही वाटत नाही.

त्या रात्री मी ऑफिसच्या ग्रुपवरचे लीळाचरित्राचे फॉरवर्ड पुन्हा उघडले आणि त्यातल्या एका ओळीवर अडकलो. महानुभावांच्या पोथ्या शेकडो वर्षं सांकेतिक लिपीत होत्या. पुढचे दोन महिने मी जे वाचलं, ते आमच्या रिपॉझिटरीसाठीच कोणीतरी आधी जगून ठेवल्यासारखं होतं.

गोष्ट तेराव्या शतकातली. चक्रधरस्वामी निघून गेले. त्यांच्या मागं शिष्यांकडं उरल्या आठवणी. म्हाइंभटांनी त्या गोळा करायला घेतल्या. ज्यानं पाहिलं, ऐकलं, त्याच्याकडं जायचं, विचारायचं, लिहायचं आणि नागदेवाचार्यांकडून तपासून घ्यायचं. रिद्धपूरला, आजच्या अमरावती जिल्ह्यात, साधारण १२७८ च्या सुमारास लीळाचरित्र उभं राहिलं. आमच्या पोहरादेवीहून मानोरा, कारंजा, अमरावती करत तिथं एका दिवसात जाऊन येता येतं. आता तिथं मराठी भाषा विद्यापीठही झालंय. भाषा मराठी ठेवायची, हा नागदेवाचार्यांचा आग्रह होता. पंथातल्या म्हाताऱ्या बायकांना संस्कृत समजणार नाही, त्यांचं काय, हे त्यांचं कारण. हे वाचलं तेव्हा मला आजी आठवली. दुसरं कोण आठवणार?

पुढं, चौदाव्या शतकाच्या सुरुवातीच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी गेली, असं परंपरा सांगते. सर्व्हर जळाला म्हणा. मग ज्यांना ती पाठ होती त्यांच्याकडून ती पुन्हा उभी केली गेली. त्यात हिराइसा नावाची एक बाई होती. एकदा ऐकलं की तिच्या लक्षात राहायचं, अशी तिची ख्याती. एकाच लीळेचे आता वेगवेगळ्या माणसांच्या स्मरणातले पाठ झाले. यातला खरा कोणता?

महानुभावांनी इथं जे केलं त्यानं मी चकित झालो. त्यांनी एक पाठ निवडून बाकीचे फेकले नाहीत. पोथीच्या आतच नोंद ठेवली: हा हिराइसेचा पाठ, हा अमक्याचा, इथं शोध घेतल्यावर असं निघालं. गिटमध्ये ‘ब्लेम’ नावाची कमांड आहे. कोणती ओळ कोणाची, ते ती सांगते. नाव वाईट आहे, सोय चांगली आहे. तीच सोय या लोकांनी शाईनं करून ठेवली होती. आणि पंथ पसरला तशा प्रतीही पसरल्या. पंजाबात मठ झाले, पार पेशावर-काबूलपर्यंत पोथ्या गेल्या. तिथल्या मठांमध्येही मराठी वाचली जात होती.

आणि मग कुलूप. चौदाव्या शतकात रवळोबासांनी सकळ लिपी तयार केली, असं मानतात. तिची युक्ती अक्षरांच्या अदलाबदलीची. ठरलेल्या अक्षराच्या जागी ठरलेलं दुसरं अक्षर किंवा खूण. तक्ता माहीत असेल तर वाचा, नाहीतर बसा. पुढं सुंदरी लिपी आली, आकड्यांची अंकलिपी आली, वज्र, शून्य, सुभद्रा अशा कितीतरी आल्या. पंथाच्या वेगवेगळ्या शाखांच्या वेगवेगळ्या लिप्या. कारण काय, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पवित्र वचनं अनधिकारी माणसाच्या हाती पडू नयेत, हे एक. भोवतालच्या समाजाचा विरोध, हे दुसरं. मला दोन्ही पटतात. देव मानलेल्या माणसाच्या रोजच्या जगण्यातल्या बारीकसारीक गोष्टी ज्या पोथीत आहेत, ती टिंगल करणाऱ्याच्या हाती जाऊ नये असं कोणालाही वाटेल. आमच्या ढावलोसारखंच.

आता कोडिंगवाल्यांच्या डोक्यात आलंच असेल की अक्षराला अक्षर बदलणं हे फार कच्चं कुलूप आहे. बरोबर. ते कसं फोडायचं हे बगदादच्या अल-किंदीनं नवव्या शतकातच लिहून ठेवलं होतं. कोणतं अक्षर किती वेळा येतं ते मोजा, भाषेत नेहमी जास्त येणाऱ्या अक्षरांशी जुळवा, गाठ सुटते. म्हणजे सकळ लिपी जन्मली तेव्हाच ती उघडण्याची रीत जगात कुठंतरी पाचशे वर्षं जुनी होती.

तरीही ती साधारण साडेपाचशे वर्षं बाहेरच्यांसाठी बंदच राहिली. कुलूप मजबूत होतं म्हणून नव्हे. पोथ्या मठांतून बाहेर येत नव्हत्या, आणि आत काही मोलाचं असेल असं बाहेर कोणाला वाटलंच नाही.

या काळात बाहेर काय चाललं होतं? लोक महानुभावांबद्दल वाटेल ते बोलत होते. त्यांच्या काळ्या वस्त्रांवरून, चक्रधरांवरून कंड्या पिकल्या. पंथाचं लोकांच्या तोंडी झालेलं नाव ‘मानभाव’, आणि त्यावरून मराठीत शब्द आला ‘मानभावी’. आजही आपण तो सहज वापरतो. वरून गोड, आतून खोटा. एका अख्ख्या पंथाचं नाव शब्दकोशात शिवी होऊन बसलं, आणि त्याला उत्तर देऊ शकणारी पोथी कुलपात होती. जी माणसं प्रत्येक पाठाखाली सांगणाऱ्याचं नाव लिहीत होती, त्यांच्यावर खोटेपणाचा शिक्का. हे वाचून मी लॅपटॉप मिटून बाहेर येऊन बसलो होतो.

किल्ली बाहेर आली ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. वि. का. राजवाड्यांनी सकळ लिपी उलगडली. त्याच सुमारास काही महंतांनीही पोथ्या दाखवायला, लिपी समजावून द्यायला सुरुवात केली, आणि मला वाटतं, खरं धाडस त्यांचं. संशोधकाला शोधल्याचं नाव मिळतं. महंताला घरच्यांचे बोल मिळतात. वि. ल. भावे, यवतमाळचे य. खु. देशपांडे यांनी हे वाङ्मय मराठी वाचकांपुढं आणलं. यवतमाळ आमच्या बाजूचाच जिल्हा. नागपूरच्या ह. ना. नेन्यांनी १९३० च्या दशकात लीळाचरित्राचे भाग छापले. वि. भि. कोलत्यांनी आयुष्य त्यात घातलं. त्यांनी संपादित केलेलं लीळाचरित्र १९७८ मध्ये राज्य साहित्य संस्कृती मंडळानं काढलं. ते छापून आल्यावरही पंथातल्या अनेकांना दुखावल्यासारखं झालं, वाद झाले. सातशे वर्षांनीही ‘हे सगळ्यांपुढं असावं का’ हा प्रश्न मिटलेला नव्हता. तो मिटेल असं मला वाटत नाही, आणि दुखावलेल्यांना नावं ठेवावीत असंही वाटत नाही.

आणि २०२४ मध्ये? मराठी किती जुनी, किती सकस, हे सांगायची वेळ आली तेव्हा सगळ्यांनी पुढं केलं ते लीळाचरित्रच. तक्ता जाणणारे शेवटचे दोन-चार महंत कोणाला काही न सांगता गेले असते, तर ही पोथी वाचायला आपल्याला फार यातायात करावी लागली असती. कारण सकळ लिपी कच्ची होती म्हणून मागाहून फोडता तरी येते. एईएस-२५६ ची किल्ली हरवली तर कोणी राजवाडे येऊन काही करू शकणार नाहीत. आमचं कुलूप त्यांच्यापेक्षा पक्कं आहे, म्हणून जास्त धोक्याचं आहे. आजीचा प्रश्न तोच होता, तिनं तो चार शब्दांत विचारला होता.

जानेवारीत आम्ही पाच जण मानोऱ्याला चुलत बहिणीच्या घरी बसलो. मी माझा मुद्दा मांडला: सगळंच कुलपात नको. शब्द, म्हणी, गोष्टी, ज्यात कोणाचं नाव नाही अशी गाणी सगळी उघडी. उघडी नसतील तर आम्ही कायमचे ‘हिंदी’ या रकान्यात राहू, आणि आमच्याबद्दल बोलायला दुसऱ्यांची जुनी गॅझेटियरं असतीलच. कुलूप फक्त ढावलोंना आणि घराण्यांच्या माहितीला. बहीण म्हणाली, ढावलोचेही दोन भाग कर. ठरलेले शब्द बाहेर, नावानिशी आलेलं आत. ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मग तिनं लॅपटॉप स्वतःकडं ओढला आणि विचारलं, “फायलींची नावं पाहिलीस का?”

गिट-क्रिप्ट फाइलच्या आतला मजकूर झाकतं. फाइलचं नाव झाकत नाही. कमिट करताना लिहिलेला संदेशही झाकत नाही. आणि मी शहाण्यासारखं प्रत्येक ढावलोच्या फाइलला गाणाऱ्या बाईचं नाव, तांडा आणि लग्नाचं साल दिलं होतं. कमिटच्या संदेशात तर ‘सावकाराचा उल्लेख आहे, जपून’ असंही लिहिलं होतं. पेटीला पक्कं कुलूप, आणि वर चिठ्ठी चिकटवलेली. शिवाय पहिले तीन आठवडे मी कुलूप लावलंच नव्हतं, त्यामुळं तेवढ्या काळाच्या आवृत्त्या इतिहासात उघड्याच होत्या. रिपॉझिटरी अजून पाच जणांतच होती म्हणून वाचलो.

दुरुस्तीचा एकच मार्ग होता, इतिहास नव्यानं लिहिणं. तशी हत्यारं मिळतात. पण जुन्या प्रती ज्यांच्याकडं आहेत त्या प्रत्येकानं त्या स्वतः पुसाव्या लागतात, आणि तिथं फक्त विश्वास चालतो. त्या दुपारी पाच लॅपटॉप एका सतरंजीवर मांडून आम्ही ते केलं. सगळ्या नावांच्या जागी क्रमांक आले. क्रमांकांचा तक्ता एका वेगळ्या फाइलमध्ये, कुलपाच्या आत. म्हणजे फिरून सकळ लिपीच झाली की, असं एक पोरगं म्हणालं. मीच त्याला ती गोष्ट सांगितली होती.

किल्लीचं असं केलं. गिट-क्रिप्टमध्ये प्रत्येकाच्या जीपीजी किल्लीनं मुख्य किल्ली उघडायची सोय असते, म्हणजे पाचही जणांना आपापल्या परीनं आत जाता येतं. त्यातही एक अट कळली: एकदा आत घेतलेल्याला पुढं बाहेर काढलं, तरी जुन्या आवृत्त्या त्याला उघडता येणारच. तेव्हा माणसं विचार करून घ्यावी लागतात. आम्ही तीन बायका आणि दोन पुरुष आहोत, हे त्या दिवशी बहिणीनं मोजून सांगितलं. ढावलो बायकांचा आहे, बहुमत बायकांचं राहू दे, म्हणाली. ठीक आहे म्हटलं.

फोन हरवतात, लॅपटॉप बिघडतात, पासवर्ड आठवत नाहीत. म्हणून मुख्य किल्ली अक्षरांत काढून कागदावर छापली आणि एका पाकिटात घातली. सोबत साध्या मराठीत अर्धं पान लिहिलं: हे काय आहे, कशानं उघडतं, आत काय आहे. वीस वर्षांनी उघडणाऱ्याला गिट म्हणजे काय हे माहीत असेलच असं नाही.

होळीला गेलो तेव्हा पाकीट आजीकडं दिलं. तिनं ते उलटंसुलटं करून पाहिलं. लिहिता-वाचता तिला येत नाही, त्यामुळं तिच्या लेखी सगळीच लिपी सकळ लिपी. पत्र्याची पेटी उघडून तिनं तिच्या लग्नातल्या फेटिया-कांचळीच्या घडीत ते सरकवलं. आरसे खणखणले. मग पेटीला कुलूप लावलं आणि त्या कुलपाची किल्ली बहिणीच्या हातात दिली.

मी म्हणालो, “मला नाही?”

“तू पुण्याला असतोस,” आजी म्हणाली.